जमीन कोरडी, तरी कूलंट जाते कुठे?

एका वाचकाचे पत्र आले आहे, कूलंटविषयी, म्हणजे इंजिनात फिरून ते थंड ठेवणाऱ्या द्रवाविषयी. त्यातील आवश्यक तेवढा भाग आधी देतो.

“स. न. वि. वि. माझी पेट्रोलवरची गाडी 15 वर्षांची असून 1 लाख 30 हजार किलोमीटर धावली आहे. गेल्या दोन महिन्यांपासून दर आठ-दहा दिवसांनी कूलंटची बाटली खालच्या खुणेच्याही खाली जाते आणि मी दर वेळी साधारण अर्धा लिटर साधे पाणी घालून ती भरतो. गाडी उभी असते तिथली जमीन सकाळी कोरडी असते. मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा मधोमध राहतो, पण वाहनांच्या रांगेत अडकलो की तो वर सरकू लागतो. गेल्या आठवड्यात बोनेटमधून वाफ आली. पाणी घालावे म्हणून मी रेडिएटरचे झाकण फिरवले, तर हाताला चटका बसला. एक मेकॅनिक म्हणतो, ‘जुनी गाडी थोडे पाणी पितेच, घालत राहा.’ दुसरा म्हणतो, रेडिएटर बदला. तिसऱ्याने हेड गॅस्केट गेले असे सांगितले आहे. कोणाचे ऐकावे? आणि या गाडीवर आता खर्च करावा, की ती विकून मोकळे व्हावे?”

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील सर्वांत काळजीची ओळ हाताला बसलेल्या चटक्याची आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. फोड आले असतील आणि ते अजून भरून आले नसतील, तर गाडीच्या आधी हात डॉक्टरांना दाखवा. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नये हे सर्वांनी ऐकलेले असते, पण ते का उघडू नये हे फारसे कोणी समजावून सांगत नाही आणि कारण ठाऊक नसले की घाईच्या वेळी हात तिकडे जातोच. इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा बंदिस्त असते आणि झाकणातील स्प्रिंग आतला दाब साधारण 0.9 ते 1.1 बारपर्यंत चढू देते. हा दाब मुद्दाम ठेवलेला असतो, कारण दाबाखाली द्रव उशिरा उकळतो. उघड्या पातेल्यात 100 अंश सेल्सिअसला उकळणारे पाणी 1 बार जादा दाबाखाली 120 अंशांच्या आसपास उकळते आणि त्यात निम्मे कूलंट असेल तर आणखी काही अंश उशिरा. म्हणजे आपण झाकणाला हात लावला तेव्हा आतला द्रव 100 अंशांच्या बराच पुढे गेलेला असूनही केवळ दाबामुळे उकळायचा थांबलेला होता. झाकण फिरताच दाब उतरला, त्यातील काही भागाची क्षणात वाफ झाली आणि त्या वाफेने उरलेला द्रव बाहेर फेकला.

यापुढे इंजिन बंद करावे, वाफ पूर्ण थांबेपर्यंत बोनेटसुद्धा उचलू नये आणि झाकणाला हात लावण्यापूर्वी निदान पाऊण ते एक तास जाऊ द्यावा. रेडिएटरच्या वरच्या बाजूचा जाड रबरी पाइप हलकेच दाबून पाहावा. तो कोमट आणि मऊ लागला तरच झाकणावर जाड फडके ठेवून, चेहरा दूर धरून, ते पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे, हवा सुटण्याचा आवाज पूर्ण थांबू द्यावा आणि मगच काढावे. काही गाड्यांत रेडिएटरला झाकण नसते, दाबाचे झाकण बाटलीवरच असते. तिथेही नियम हाच.

आता तिघा मेकॅनिकांकडे वळतो. पहिल्याचे म्हणणे साफ चुकीचे आहे. गाडी जुनी झाली म्हणून पाणी पीत नाही. ही यंत्रणा बंदिस्त असल्यामुळे धडधाकट गाडीत वर्षभरात पातळी जेमतेम हलते. आठ-दहा दिवसांत अर्धा लिटर जात असेल तर ते कुठून तरी बाहेर पडत आहे किंवा जळत आहे, तिसरी वाट नाही. उरलेल्या दोघांचे निदान बरोबर निघेलही, परंतु आपल्या पत्रावरून असे दिसते की दोघांपैकी कोणीही तपासणी केलेली नाही. तपासल्याशिवाय सांगितलेले नाव हा अंदाज असतो आणि अंदाजावर भाग बदलत गेले की खर्च वाढतो आणि गळती तशीच राहते. माझा सल्ला एका वाक्यात सांगायचा तर तो असा, की कूलंट नेमके कुठून जाते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किंवा चाचणीने सिद्ध झाल्याशिवाय एकही भाग बदलू नका आणि तोवर या गाडीने लांबचा प्रवास करू नका.

साधे पाणी घालत राहण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण हे नुकसान वरून दिसत नाही. आपल्या गाडीत एकूण 5 लिटर द्रव मावतो असे धरू. दर वेळी अर्धा लिटर मिश्रण बाहेर गेले आणि तेवढेच पाणी आत आले, म्हणजे प्रत्येक खेपेस उरलेल्या कूलंटचा दहावा हिस्सा कमी झाला. दोन महिन्यांत असे सहा-सात वेळा घडले असेल, तर मूळ कूलंटपैकी आता जेमतेम निम्मे उरले आहे. निम्मे कूलंट व निम्मे पाणी असे जे मिश्रण होते, त्यात आज तीन भाग पाणी आणि एक भाग कूलंट आहे. यामुळे ते लवकर उकळते, हा तोटा आहेच. पण कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायने असतात आणि तीही त्याच प्रमाणात पातळ झाली आहेत. इंजिनात ॲल्युमिनियम, लोखंड आणि इतर धातू एकाच द्रवाच्या संपर्कात असतात आणि ही रसायने कमी पडली की धातू आतून झिजू लागतात. त्यात पाणी जड असेल तर त्यातील क्षार गरम भागांवर थर धरतात आणि हा थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे गाडी तापते म्हणून घातलेले पाणीच काही काळाने गाडी तापण्याचे कारण होते. रस्त्यात अडलेल्या वेळी, इंजिन निवल्यावर, गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरते साधे पाणी घालणे वेगळे. त्याला माझी हरकत नाही.

जमीन कोरडी राहते, याचा अर्थ गळती नाही असा होत नाही. थंड इंजिनात दाब नसतो आणि रबर आकसलेले असते, त्यामुळे बारीक चीर मिटलेली राहते. गाडी तापली, दाब चढला की ती उघडते. तिच्यातून येणारा थेंब तापलेल्या इंजिनावर पडून जमिनीपर्यंत पोहोचण्याआधीच वाळतो. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीत मी अशी गळती जवळजवळ तीन आठवडे शोधत होतो. रोज सकाळी खाली पुठ्ठा पाहायचो आणि पुठ्ठा कोरडा. अखेर एका रात्री गाडी चांगली तापलेली असताना, इंजिन चालू ठेवून, टॉर्च आडवा धरून पाहिले, तेव्हा खालच्या पाइपाच्या क्लिपखालून केसाएवढा वाफेचा धागा निघताना दिसला. इंजिन बंद केल्यावर दोन मिनिटांत तोही नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी क्लिप सैल करून पाइप मागे सरकवला, तर खाली नखाएवढी चीर होती आणि तिच्या भोवती हिरवट पांढरी खपली धरली होती.

ती खपलीच आपल्याला शोधायची आहे. कूलंटमधले पाणी उडून गेले तरी त्यातील रसायने मागे राहतात. विहिरीच्या पंपाच्या सांध्यावर क्षार धरतो तसा तो थर दिसतो, पांढरा, हिरवट, गुलाबी किंवा तांबूस, कूलंटच्या रंगाप्रमाणे, आणि तो जिथे सुरू होतो तिथे वर गळतीचे तोंड असते. इंजिन पूर्ण थंड असताना टॉर्च घेऊन सावकाश पाहा. प्रत्येक रबरी पाइपाचे दोन्ही शेवट पाहा. पाइप बोटांनी दाबा; तो लोण्यासारखा मऊ, फुगलेला किंवा दाबताच कुरकुरणारा असेल तर तो निकामी झाला आहे. रेडिएटरच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला वर-खाली किंवा दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या टाक्या पत्रा दुमडून बसवलेल्या असतात. 15 वर्षांत ते प्लास्टिक ठिसूळ होते आणि त्या दुमडीच्या कडेने पाझर सुरू होतो. थर्मोस्टॅट, म्हणजे द्रव तापल्यावर उघडून त्याला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप, जिथे बसवलेली असते त्या घराचा सांधा आणि इंजिनाच्या मागून केबिनच्या हीटरकडे जाणारे दोन पाइपही पाहा. ही जागा अडचणीची असते म्हणून बहुतेकांकडून ती राहून जाते. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. पंपाचे आतले सील गेले की द्रव बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून बाहेर यावा, अशी ती सोय आहे. त्या भोकाखाली ओघळ दिसला किंवा पंपाची पुली हाताने हलवल्यावर डुलली, तर पंप बदलायलाच हवा. चालू इंजिनाजवळ पाहत असाल तर बाही, ओढणी, लोंबते काही जवळ येऊ देऊ नका. रेडिएटरचा पंखा अनेक गाड्यांत इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो.

डोळ्यांना काही सापडले नाही तर मेकॅनिककडे जाऊन ‘प्रेशर टेस्ट करून द्या’ एवढेच सांगा. झाकणाच्या जागी हातपंप आणि दाबाचा काटा बसवतात, थंड इंजिनातच झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब भरतात आणि दहा-पंधरा मिनिटे काटा उतरतो का ते पाहतात. जी चीर एरवी फक्त प्रवासात उघडते, ती इथे गॅरेजच्या जमिनीवर, थंड गाडीत, आपल्या समोर उघडते. ज्या मेकॅनिककडे हे साधन आहे आणि जो ते आधी बाहेर काढतो, त्याचे ऐकावे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे.

त्याच साधनावर झाकणही तपासून घ्या. झाकण क्षुल्लक वाटते, परंतु त्यात दोन झडपा असतात. एक दाब वाढल्यावर कूलंट बाटलीत सोडते आणि दुसरी इंजिन निवताना तेच कूलंट बाटलीतून परत आत घेते. पहिलीची स्प्रिंग ढिली पडली तर दाब टिकत नाही, द्रव लवकर उकळतो, बाटली भरून वाहते आणि तो ओघळ रस्त्यावर सांडून जातो. जमीन अर्थातच कोरडी. दुसरी अडकली तर बाटली भरलेली आणि रेडिएटर मात्र अर्धा रिकामा, अशी फसवी स्थिती होते. म्हणून पातळी पाहताना सकाळच्या थंड गाडीत बाटलीबरोबर रेडिएटरचे झाकण काढून आतही पाहावे. द्रव तोंडापर्यंत असला पाहिजे.

या सर्वांतून काही निघाले नाही तर दोन आडवाटा उरतात. पहिली केबिनच्या हीटरची. गाडीत गोडसर वास येणे, समोरच्या काचेवर आतून चिकट धुके धरणे आणि ते पुसले तरी तेलकट राहणे, पुढच्या सीटजवळ पायाखालचे कारपेट ओले लागणे, या तीन खुणा हीटरची छोटी जाळी गळत असल्याच्या आहेत. गाडीखाली पडणारे एसीचे पाणी स्वच्छ, बिनवासाचे आणि बोटांना बुळबुळीत न लागणारे असते. त्याची चिंता नको.

दुसरी वाट इंजिनाच्या आत जाते आणि ती म्हणजे हेड गॅस्केट. सिलिंडर हेड आणि ब्लॉक यांच्या मधले हे पातळ गॅस्केट एका जागी फुटले की कूलंट सिलिंडरमध्ये जाऊन जळते, किंवा सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतो. सायलेन्सरमधून गाडी तापल्यावरही न थांबणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर. थंड गाडी सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा घट्ट होणे. उघड्या रेडिएटरात थंडपणीच सतत बुडबुडे येणे. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना इंजिन अडखळणे. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ होणे. ही सारी गॅस्केट फुटल्याची लक्षणे आहेत. सकाळी सायलेन्सरमधून थोडी वाफ आणि दोन थेंब पाणी येणे मात्र नेहमीचेच आहे. ऑइलच्या झाकणाखाली थोडा पिवळसर लोण्यासारखा थर दिसला, पण डिपस्टिक स्वच्छ असली, तर ती बहुधा जवळ जवळच्या फेऱ्यांमुळे साचलेली ओल असते. तेवढ्यावरून हेड उघडायला परवानगी देऊ नका. याचीही एक सोपी चाचणी आहे: रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून आतली हवा त्यातून ओढतात. जळालेल्या वायूतील कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा होतो. तिसऱ्या मेकॅनिकचे निदान खरे असेल तर ते या नळीत दिसेल. ही चाचणी न करता हेड उचलण्याची घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

आता वाहनांच्या रांगेत काटा चढण्याविषयी. हा आपल्या पत्रातील फार मोलाचा तपशील आहे. गाडी वेगात असते तेव्हा समोरची हवा आपोआप रेडिएटरमधून जाते. ती थांबली की सगळी भिस्त पंख्यावर येते. म्हणून थांबल्यावर तापणारी आणि पळताना निवणारी गाडी पहिल्यांदा पंख्याकडे बोट दाखवते. याउलट वेगात किंवा चढावर तापणाऱ्या गाडीत रेडिएटर आतून तुंबलेला असणे, थर्मोस्टॅट पुरता न उघडणे, अशी कारणे शोधावी लागतात. कूलंट पूर्ण भरून, गाडी मोकळ्या जागी उभी ठेवून, एसी बंद ठेवून इंजिन चालू राहू द्या आणि काट्यावरून नजर न हलवता पंख्याचा आवाज ऐका. काटा मध्यापेक्षा किंचित वर गेला तरी पंखा सुरू झाला नाही, तर एसी चालू करून पाहा. बहुतेक गाड्यांत एसी लागला की पंखा फिरतो. एसीने फिरला म्हणजे मोटर चांगली आहे आणि तापमानाचा स्विच किंवा रिले संशयित आहे. तरीही फिरला नाही तर फ्यूज, वायर आणि मोटर पाहावी. एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ, पाने, किडे यांचा नमद्यासारखा थर बसतो, तोही काढून घ्या. तसेच कूलंट कमी असले तरी गाडी अशाच वेळी आधी तापते, त्यामुळे आपल्या गाडीत दोन दोष आहेत की एकाच गळतीचे हे दुसरे रूप आहे, हे पातळी पूर्ण केल्यावरच कळेल.

थर्मोस्टॅटबद्दल एक इशारा. ही मेणाच्या प्रसरणावर चालणारी झडप साधारण 82 ते 90 अंशांच्या दरम्यान उघडू लागते. ती अडकली तर बदलावी, पण काढून टाकू नये. ‘काढून टाका, गाडी गारच राहील’ असा सल्ला आपल्याला नक्की कोणीतरी देईल. झडप नसलेले इंजिन हवे तेवढे तापायलाच उशीर लावते, पेट्रोल जास्त खाते, त्याची झीज वाढते आणि काही इंजिनांत तर गरम द्रवाचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच फिरत राहतो.

रस्त्यात पुन्हा काटा चढू लागला तर काय करावे, हे लिहिताना मला माझी चूक सांगावी लागेल. वर सांगितलेल्या त्याच गाडीत, चीर सापडण्याच्या काही वर्षे आधी, दुसऱ्या एका गळतीच्या वेळी काटा लालजवळ गेला आणि मग आपला आपणच खाली आला. मला हायसे वाटले आणि मी आणखी चार किलोमीटर गाडी चालवली. काटा खाली आला होता तो इंजिन निवले म्हणून नव्हे. कूलंट इतके कमी झाले होते की तापमानाचा सेन्सर उघडा पडला होता; त्याला लागणारी हवा आणि वाफ द्रवाइतकी उष्णता पोहोचवत नव्हती. त्या चार किलोमीटरांत सिलिंडर हेड वाकले. म्हणून चढलेला काटा कारणाशिवाय अचानक पडला, किंवा हीटर गरम वाऱ्यावर ठेवूनही गार हवा येऊ लागली, तर कूलंट संपले असे समजा आणि त्या क्षणी गाडी थांबवा.

एवढी घाई का, तेही सांगतो. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या वायूंचे तापमान क्षणभर 2000 अंशांच्या वर जाते आणि ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते. हे हेड टिकून राहते ते केवळ त्याच्या पोटातून सतत वाहणाऱ्या द्रवामुळे. जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश हा द्रव बाहेर काढत असतो. त्यातून, तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. अनेक इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते आणि हेड बोल्टांनी आवळलेले असल्यामुळे प्रमाणाबाहेर तापले की पसरायला जागा न मिळून ते वाकते आणि गॅस्केट सुटते. छोट्या गळतीचे मोठे काम होते ते अशा काही मिनिटांत.

म्हणून काटा नेहमीच्या जागेवरून वर निघताच एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा पूर्ण वेगावर ठेवा. केबिनचा हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे आणि तो थोडी उष्णता ओढून घेतो. घामाघूम व्हाल, पण कडेला लागेपर्यंत वेळ मिळेल. काटा तरीही चढतच राहिला, लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा आणि गाडी टो करून न्या. तापलेल्या इंजिनावर किंवा आत गार पाणी ओतू नका. एकदम आकसल्याने धातूला तडा जाऊ शकतो.

गळती दुरुस्त झाल्यावर यंत्रणा पूर्ण रिकामी करून, धुऊन, नवे कूलंट भरायचे आहे. आपल्या गाडीच्या माहितीपुस्तकात ज्या प्रकारचे कूलंट सांगितले आहे तेच घ्या आणि रंगावर जाऊ नका. रंग कंपनीगणिक बदलतो आणि दोन हिरवी कूलंट एकाच रसायनाची असतीलच असे नाही. वेगळ्या जातीची कूलंट एकत्र आली तर गंजरोधक रसायने निष्प्रभ होऊ शकतात आणि काही वेळा आत गाळ धरतो. डब्यातले कूलंट पाणी मिसळून तयार केलेले आहे की घट्ट, हे वाचून घ्या. घट्ट असेल तर त्यात साधारण निम्मे डिस्टिल्ड वॉटर मिसळावे. पाणी न मिसळता नुसते कूलंट घातले तर ते जास्त चांगले काम करेल, हा समज चुकीचा आहे; उष्णता वाहून नेण्यात पाणी अधिक सरस असते.

भरताना आत अडकलेली हवा काढणे हे अर्धे काम आहे. गाडीचे तोंड किंचित चढाकडे ठेवून, थंड इंजिनात झाकण काढून, हीटर गरमवर ठेवून इंजिन सुरू करावे, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबावे, बुडबुडे निघतील तसे कूलंट घालत जावे आणि मग झाकण लावावे. काही गाड्यांत हवा काढण्यासाठी वेगळा स्क्रू असतो. पुढचे दोन-तीन दिवस सकाळी पातळी थोडी उतरली तर घाबरू नका, ती उरलेली हवा निघाल्याची असू शकते. त्यानंतरही उतरली तर गळती अजून आहे. गळती बुजवण्याचे द्रव आणि पूड बाजारात मिळते, पण ही औषधे चीर आणि हीटरची बारीक नळी यांत फरक करत नाहीत, दोन्ही बुजवतात. निर्मनुष्य जागी अडकलात तर घाला, एरवी नको.

आणि एक विनंती. काढलेले कूलंट गटारात किंवा मातीत ओतू नका. त्यातील इथिलीन ग्लायकोल विषारी असून चवीला गोड असते आणि कुत्री-मांजरी ते चाटतात. थोडेसे पोटात गेले तरी त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. लहान मुलांनाही तोच धोका. सांडलेले लगेच पाण्याने धुऊन पुसून घ्या आणि जुने कूलंट घट्ट झाकणाच्या डब्यात, त्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहून, ते नीट विल्हेवाटीसाठी घेणाऱ्या गॅरेजला द्या.

शेवटचा प्रश्न खर्च करावा की विकावी हा. हा निर्णय आज घेऊ नका. तो दोन चाचण्यांनंतर घ्या. पाइप, क्लिप, झाकण, पंख्याचा रिले यांपैकी काही निघाले तर हा जुन्या गाडीचा नेहमीचा देखभालीचा खर्च आहे आणि अशा वेळी एकच पाइप न बदलता सर्व रबरी पाइप आणि क्लिपा एकदम बदलून घ्याव्यात, कारण बाकीचेही त्याच वयाचे आहेत. वॉटर पंप निघाला आणि तो टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्टही त्याच वेळी बदला. एकदा उघडल्यावर मजुरी जवळपास तीच लागते. रेडिएटरची टाकी फुटली असेल तर ती चिकटवण्यापेक्षा रेडिएटर बदललेला बरा. हेड गॅस्केट सिद्ध झाले तर मात्र हेड उघडून ते सरळ आहे की वाकले, फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, चालेल की नवे हवे, हे कळेपर्यंत पूर्ण कामाला होकार देऊ नका आणि त्याच वेळी गाडीच्या पत्र्याचा गंज, गिअरबॉक्स व इतर सिलिंडरांचे कॉम्प्रेशन यांचाही हिशेब मांडा. हे सारे चांगले असेल तर दुरुस्ती करावी असे माझे मत आहे. विकायचे ठरलेच, तर घेणाऱ्याला ही गळती आणि गेल्या आठवड्यातली वाफ दोन्ही सांगून विका. त्याच्याही हाताला चटका बसू नये.

उद्यापासून रोज सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, बाटलीवर पातळीच्या रेषेला चिकटपट्टी लावून तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. प्रेशर टेस्टमध्ये दाब किती मिनिटांत किती उतरला आणि निळ्या द्रवाचा रंग बदलला की नाही, हे त्या नोंदींसह मला कळवा. त्यावरून पुढचे सांगता येईल.